ऱ्हाइनकाठचे किल्ले आणि नाखव्याचा डोळा

लोक जर्मनीत किल्ले पाहायला जातात ते हौसेने. आम्ही दोघे गेलो ते डोळा दाखवायला. किल्ले आपले मध्येच आले.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझे कुवेती शेठ. त्यांचं नाव अबू यूसुफ, पण दुकानातले आम्ही सगळे रत्नागिरीकडचे मुसलमान, त्यामुळे आमच्यात ते नाखवा. एकेकाळी ते खरोखरच गलबताचे कप्तान होते. बसऱ्याचा खजूर भरून मुंबई, कालिकतपर्यंत जायचे आणि सागवान घेऊन परतायचे. तेल निघालं, गलबतं किनाऱ्यावर वाळत पडली आणि नाखव्याने मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. मी त्या दुकानाचा मुन्शी. माझं घर अंजनवेलीला, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, गोपाळगडाच्या खाली.

नाखव्याचा एक डोळा पूर्वीच एका वैदूच्या सळईने घालवला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तसा मी त्याचा डोळा झालो. पत्र वाचायला मी, रस्ता ओलांडायला मी, समोरून येणारा माणूस कोण ते कानात सांगायला मी. दर वर्षी रजेचा विषय निघायचा आणि दर वर्षी नाखवा म्हणायचा, "तू गेलास तर मी पाहू कशाने?" गेली सहा वर्षं मी घरी गेलो नव्हतो. म्हणून माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो: नाखव्याचा डोळा उघडला तरच मी सुटणार होतो. नाही उघडला, तर काठीसारखा जन्मभर त्याच्या हातात.

त्याचा मुलगा यूसुफ कुवेतजवळच्या शुऐब्याच्या नव्या बंदराच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. मला इंग्रजी येतं, म्हणून जर्मनीला बापाबरोबर माझी रवानगी झाली.

माइन्झ

डॉक्टर उंच, कोरडा आणि खरं बोलणारा निघाला. त्याने डोळ्यात दिवा मारून पाहिलं आणि मला इंग्रजीत सांगितलं, "मोतीबिंदू फार पिकला आहे. कापायला हवा, आणि लवकर. पण एकच डोळा आहे. बिघडलं तर हातात काही उरणार नाही." मी ते जसंच्या तसं नाखव्याला सांगितलं. मऊ करून सांगितलेलं त्याला लगेच कळतं आणि मग तो चिडतो.

नाखव्याने विचारलं, "इस्पितळात खाट कधी मिळेल?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग तोवर मला किल्ले दाखव."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण रेल्वेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या ऱ्हाइन नदीवर मैलामैलाला किल्ला आहे. म्हणाला, "हसन, जन्मभर मी किल्ले पाण्यातून पाहिले. मुरूड, हर्णै, जयगड, तुझा तो गोपाळगड. किल्ला दिसला की सुकाणू इकडे, किल्ला दिसला की खडक तिकडे. वर कधी पाऊल टाकलं नाही. वरून पाणी कसं दिसतं ते एकदा पाहू दे. पुढचं अल्लाला ठाऊक."

सांक्ट गोआर

नदीकाठचं हे गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक रेल्वे आणि त्यांच्यावर उभा चढ. चढावर द्राक्षांचे मळे इतके तिरके की आमच्याकडे त्या उतारावर बकरी चढवायलासुद्धा कुणी धजावणार नाही. वर ऱ्हाइनफेल्स नावाचा मोठा मोडका किल्ला. आम्ही उतरलो ते फ्राउ बेकर नावाच्या विधवा बाईंकडे. गुटगुटीत बाई, गाल लालबुंद, बोलणं सगळं जर्मन. मला तिचा शब्द कळेना, तिला माझा कळेना, तरी पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. तिने डुकराचं मांस वाढलं आणि आम्ही ताट सरकवलं. मग मी कागदावर डुक्कर काढून त्यावर फुली मारली. चित्रकला बेताचीच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिने गाईचं मांसही काढून टाकलं आणि आम्हाला नुसते उकडलेले बटाटे घातले. तिसऱ्या दिवशी नदीतला मासा मिळाला. नाखव्याने चव घेतली आणि म्हणाला, "गोड्या पाण्यातला मासा. मीठ समुद्रातच राहिलं." मी बॅगेतून लोणच्याची बाटली काढली तेव्हा कुठे घास उतरला.

सकाळी किल्ल्यावर चढलो. नाखव्याचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर. पहारेकऱ्याला थोडं इंग्रजी यायचं. त्याने सांगितलं की हा किल्ला फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला. नाखवा मोडक्या कडेवरून तळहात फिरवत राहिला.

"आमच्या शहराला मातीची भिंत होती," तो म्हणाला. "तरुणपणी मीही तिच्यासाठी चिखल वाहिलाय. ती शत्रूने नाही पाडली. आमची आम्हीच पाडली, मोटारींना रस्ते हवेत म्हणून." मग म्हणाला, "आणि त्याच मोटारींचे भाग मी विकतो." मी हे पहारेकऱ्याला इंग्रजीत सांगितलं. तो विनोद समजून हसला. नाखवा हसला नाही.

शेवटच्या तटावर पोचलो आणि नदीवरून धुकं वर आलं. पाहता पाहता समोरचा डोंगर, खालचं गाव, हाताजवळचा कठडा, सगळं गेलं. असं धुकं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

नाखव्याने माझी बाही धरली. "हसन. गेला."

"काय गेलं?"

"डोळा. सगळं पांढरं झालं."

"नाही हो नाखवा, धुकं आहे. मलाही काही दिसत नाही."

"तू माझं मीठ खातोस. तू असंच म्हणणार."

"अहो, खरंच दिसत नाही!"

"शपथ घे."

मी शपथ घेतली. तरी त्याला पटेना. त्याच्यासारखा माणूस, ज्याने वादळात डोलकाठी तोडून टाकल्याच्या गोष्टी सांगितल्या, तो लहान मुलासारखा माझी बाही पिळत होता. ते पाहवेना. मी त्याचा हात धरला आणि त्याच्याच दाढीवर ठेवला. दाढी भिजून निथळत होती.

"धुकं आलंय हे समुद्रावर रात्री कसं ओळखायचात?" मी विचारलं.

तो दाढी चाचपत राहिला. एकदा पिळली, बोटं तोंडात घालून चाखली. आणि मग असा हसला की काय सांगू. "दाढीवरूनच ओळखायचो. अरे, दाढीवरूनच! म्हातारपणी अक्कल गहाण पडली."

जीव भांड्यात पडल्यावर माणसाला चेव येतो. नाखव्याने कठडा धरला, छाती भरून घेतली आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून आरोळी ठोकली. धुक्यात खडक जवळ आला की गलबतावरून अशी हाक देतात आणि ती किती वेळाने परत येते त्यावरून अंतर जोखतात. हाक गेली. आम्ही थांबलो. समोरच्या डोंगरावरून ती परत आली, बारीक होऊन.

"आहे," नाखवा म्हणाला. "डोंगर जागेवर आहे. मध्ये पाणी आहे, फार रुंद नाही."

पहारेकरी धापा टाकत धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी तटावरून पडलं. धुक्यातून एका बाईचा आवाज आला, "हालो?" नाखव्याने तिला मोठ्यांदा सलाम केला. धुकं दुपारपर्यंत हटलं नाही, आम्ही काहीही न पाहता खाली आलो.

चपलांचा किल्ला

या दुसऱ्या किल्ल्याचं नाव मुद्दाम देत नाही. जे झालं त्यात तिथल्या लोकांची काही चूक नव्हती.

हा किल्ला कोब्लेंझच्या बाजूला. मोडका नाही, एका राजाने डागडुजी करून नटवलेला. आत शिरताच दाराशी लोकरी कापडाच्या ढगळ चपलांचा ढीग. लाकडी जमिनीची लकाकी जाऊ नये म्हणून त्या घालून फिरायचं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वा, म्हटलं, या लोकांना रीत आहे. आम्ही बूट काढले, मोजे काढून त्यात खोचले, मशिदीच्या दारात ठेवतो तसे तळाला तळ लावून भिंतीशी उभे केले आणि अनवाणी पायांत त्या चपला घातल्या. मागे वळून पाहतो तर बाकीच्यांनी चपला बुटांवरच चढवल्या होत्या! राखणदाराने आम्हाला उद्देशून जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं. आम्ही मान डोलावली.

"हे बूट घालूनच आत आले की रे," नाखवा कुजबुजला.

"यांना कुणी शिकवलं नसेल," मी म्हटलं.

राजाची खाट पाहिली, चिलखतं पाहिली. शेवटच्या दालनातून सगळ्यांना मागच्या सज्ज्यावर सोडलं. लोकांनी चपला उतरवून टोपलीत टाकल्या आणि ते पायवाटेने खाली निघून गेले. आम्ही मात्र थांबलो, कारण त्या दिवशी ऊन होतं आणि समोर सगळी नदी उघडी पडली होती. कोकणातला माणूस डोंगर आणि पाणी पाहून सहसा बावचळत नाही. मीही नाही बावचळलो. पण कबूल करतो, छान होतं. लांबून एक दुसरी नदी येऊन मिळत होती, पलीकडच्या टेकडीवर आणखी एक किल्ला, खाली रेल्वेचा धूर.

नाखव्याला यातलं किती दिसत होतं कोण जाणे. त्याने डोळ्यावर हात आडवा धरला आणि बराच वेळ खाली बघत राहिला.

"चकाकणारा पट्टा दिसतोय," तो म्हणाला. "आणि तो चालतोय, हसन. पाणी चालतंय. गलबतावर असताना वाटायचं आपणच चालतो."

तेवढ्यात मागे कुलूप लागल्याचा आवाज आला. राखणदार जेवायला गेला. आमचे बूट पुढच्या दारात आणि आम्ही मागच्या सज्ज्यावर. पायवाटेने वळसा घालून पुढे गेलो, तर तेही दार बंद. आणि मग पाऊस. त्या लोकरी चपलांनी तो असा पिऊन घेतला की पाऊल उचललं की पचपच आवाज यायचा. दोन तास आम्ही त्या राजाच्या दारात ओले पाय घेऊन भिकाऱ्यांसारखे उभे होतो. राखणदार आला तेव्हा त्याने आधी चपलांकडे पाहून कपाळावर हात मारला आणि मग आमच्याकडे पाहिलं.

रात्री नाखवा खोकायला लागला.

पुन्हा माइन्झ

ठरल्या दिवशी डॉक्टरने छातीला नळी लावली आणि मान हलवली. "खोकला असेपर्यंत सुरी लावणार नाही. एक ठसका लागला तर टाके उसवतील." आणि थांबावं तर पिकलेला मोतीबिंदू आतल्या आत फुटण्याची भीती. इकडे आड तिकडे विहीर झालं. चूक दोघांची, पण मला मशिदीच्या दारात तळाला तळ लावून बूट ठेवायची सवय ज्याने लावली त्या माझ्या बापालासुद्धा मी मनातल्या मनात बोल लावले.

आम्ही परत फ्राउ बेकरकडे आलो. खोकला ऐकून बाई आत गेली आणि पिवळट चरबीने भरलेली बरणी घेऊन आली. नाखव्याच्या छातीला चोळायला. नाखवा पलंगावर उठून बसला. "विचार तिला. कशाची आहे?"

मी पुन्हा कागद आणि पेन्सिल काढली. माझं डुक्कर पाहताच बाईने बरणी खाली ठेवली, कोपरं दोन्ही बाजूंना फडफडवली, मान पुढे काढली आणि खोलीभर कर्कश ओरडत चालली. हंस! इतकं हुबेहूब की खाली अंगणात कुत्रं भुंकलं. नाखव्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. हसून हसून त्याला ठसका लागला, आणि हसता हसताच त्याने सदऱ्याची बटणं सोडली.

बाईने रोज चोळलं. लिंडनच्या फुलांचा काढा पाजला. आमचे ओले बूट वर्तमानपत्र कोंबून वाळवले. दोन आठवड्यांनी छाती मोकळी झाली. निघताना तिने आपल्या नवऱ्याचा जाड कोट आणि फेल्टची हॅट माझ्या अंगावर घातली. नवरा युद्धातून परतला नव्हता. मी नको म्हणत होतो, ती ऐकेना.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. नाखवा उताणा पडून असायचा आणि मी बाजूला. एका दुपारी त्याने विचारलं, "तुझ्या गोपाळगडावरून काय दिसतं?"

"आत आंब्याची कलमं आहेत."

"बाहेर, बाहेर."

मी सांगत गेलो. एका बाजूला उघडा समुद्र. दुसरीकडे खाडी, पलीकडे दाभोळ. आणि तटाच्या कोपऱ्यावर उभं राहिलं तर खाली आमच्या घराची कौलं दिसतात, फणसाच्या मागे. बायको सकाळी कोळंबीचे सोडे वाळत घालते ते अंगण दिसतं. सांगता सांगता मी खिडकी उघडायला उठलो. खिडकी उघडीच होती.

पट्टी निघाली. डॉक्टरने बोटं धरली, नाखवा म्हणाला, "काहीतरी हलतंय." नंतर जाड भिंगांचा चष्मा आला, बाटलीच्या तळासारखा. तो घालून नाखवा दाराऐवजी दारालगतच्या भिंतीवर गेला. मी विचारलं, दिसतंय? तो म्हणाला, "दिसतंय काहीतरी." दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाला, वेळ द्या.

बोटीवर

मग नाखवा म्हणाला, "मला पाण्यावर ने."

आम्ही माइन्झहून खाली जाणारी आगबोट पकडली. द्राक्षं काढून झाली होती, मळे पिवळे पडले होते. नाखवा बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन कठड्याला रेलून उभा राहिला आणि मला बजावलं, "तोंड उघडायचं नाही. तो धुक्याचा किल्ला मी शोधणार. सापडला तर मला डोळा आहे. नाही सापडला तर तू सांगशील, आणि मग जन्मभर तूच सांगत राहशील."

मी ओठ आवळून बसलो. मला त्याच्याइतकीच धास्ती होती, कदाचित जास्तच.

एकेक किल्ला येत गेला. नाखवा चष्मा वरखाली करायचा, मान तिरकी करायचा. "हा नाही." बोट पुढे. "हाही नाही, हा धड आहे." एका ठिकाणी नदीच्या मधोमध खडकावर पांढरा किल्ला होता, टोकदार, नांगर टाकलेल्या गलबतासारखा. नाखवा पुढे वाकला. "हा ज्याने बांधला त्याने समुद्र पाहिला असणार," म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. टोक दिसलं होतं त्याला! पण मी हूं की चूं केलं नाही.

वळण आलं. उंच काळा कडा गेला. उजवीकडच्या डोंगरावर एक किल्ला, नीटनेटका. नाखव्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग डावीकडे गाव, चर्च, आणि वर... मी डोळे मिटून घेतले. मी बघितलं असतं तर माझ्या तोंडावरून त्याला कळलं असतं.

"तो," नाखवा म्हणाला. "वरची कड मोडलेली. लांबलचक भिंत, मधे खिंडार. खिंडाराच्या उजव्या बाजूला मी हात लावला होता. हसन, तोच ना?"

मी डोळे उघडले. तोच होता.

मी नुसती मान हलवली. नाखव्याने ते पाहिलं. मान हलवलेली त्याने पाहिली! पूर्वी मला तोंडाने सांगावं लागायचं. मग तो पूर्ण वळला आणि त्या बाटलीच्या तळातून माझ्याकडे बघायला लागला. किल्ल्याकडे बघितलं त्याच्यापेक्षा जास्त वेळ.

"हॅट काढ," तो म्हणाला.

मी काढली.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुमच्या दुकानात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, नाखवा."

तो पुन्हा नदीकडे वळला. सांक्ट गोआरचा धक्का आला. धक्क्यावर फ्राउ बेकर रुमाल हलवत होती आणि नाखव्याने माझ्याआधी तिला पाहून हात वर केला. ती नुसता आवाज होती तेव्हापासून तिला ओळखत होता, आता म्हणाला, "हंसापेक्षा जाड आहे."

कुवेतला उतरलो तेव्हा विमानतळावर यूसुफ होता. नाखव्याने त्याला मिठी मारायच्या आधी सांगितलं, "याचं मुंबईच्या बोटीचं तिकीट काढ. पुढच्याच बोटीचं. उद्या मी नको म्हणालो तर माझं ऐकू नकोस, हा नको म्हणाला तर याचंही ऐकू नकोस."

अंजनवेल

मी येत असल्याचं पत्र मागेच राहिलं, मी त्याच्याआधी पोचलो. दाभोळहून तरीतून खाडी ओलांडून उतरलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मला उगाच गोपाळगडाच्या वाटेने जावंसं वाटलं. तटाच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. कौलं दिसली. फणस वाढून अर्धी झाकली गेली होती. अंगणात कुणीतरी वाकून सुकत घातलेलं गोळा करत होतं. मी हाक मारणार होतो, नाखव्यासारखी, पण मारली नाही. खाली उतरलो.

अंगणाच्या कडेला पोचलो तेव्हा ऊन माझ्या पाठीमागे होतं. अंगावर जर्मन कोट, डोक्यावर हॅट. बायकोने टोपली कमरेवर घेतली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि तोंड अर्धं फिरवून विचारलं,

"कोन पायजे?"

मी हॅट काढली.